जोडी, पीळ, क्रोन, लॉस : केबलिंगच्या कामातले शब्द एकत्र करू या

पॅचपॅनेल | ११ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी अठरा वर्षं नेटवर्क केबलिंगची कामं करतोय. नाशिक, सिन्नर, संगमनेर हा आमचा पट्टा. ऑफिसं, शाळा, दवाखाने आणि हल्ली सोसायट्या. हाताखाली पाच-सहा मुलं असतात, काही आयटीआयची, बाकीची बारावी झालेली. हात चांगला आहे त्यांचा, शिकायची तयारी आहे. काम अडतं ते शब्दांवर.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. एका दवाखान्यात फायबरचं काम चालू होतं. मी फोनवर सांगितलं, "एससीच्या चार पॅचकॉर्ड घेऊन ये." पॅचकॉर्ड म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल, एससी हा फायबरच्या प्लगचा प्रकार. मुलाने आणल्या. एससीच होत्या, चौकोनी डोक्याच्या, पण निळ्या. डब्यातले अ‍ॅडॉप्टर होते हिरवे. निळं टोक हिरव्यात बसतं, टक् असा आवाजही येतो, म्हणून त्याने बसवून टाकलं. उजेड मोजायचा मीटर लावला तर आदल्या दिवशी मायनस २० असलेली पॉवर मायनस २६ झालेली. चार तास आम्ही बाहेरची लाइन तपासत फिरलो. चूक त्या पोराची नव्हती. "एससी एपीसी" हा पूर्ण शब्द मी उच्चारला असता तर त्याने हिरव्याच आणल्या असत्या.

हिरवं म्हणजे एपीसी. त्यात काचेचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं. तिथून परत फिरणारा उजेड आल्या वाटेने मागे न जाता बाजूला निघून जातो. निळं म्हणजे यूपीसी, त्याचं टोक सरळ. तिरकं आणि सरळ समोरासमोर आले की मध्ये फट राहते, आणि जोर देऊन दाबलं तर दोन्ही टोकांना ओरखडे पडतात. ही घट डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये मोजतात, दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो. ६ डीबी गेले म्हणजे चार आण्यांचाच उजेड पोचला. घरातल्या फायबर मोडेमची वाचायची ताकद साधारण मायनस २७ पर्यंत, त्यामुळे मायनस २६ वर नेट "चालतं". पहिल्या पावसात बंद पडतं.

हे सगळं मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडत नाही. मुलं यूट्यूबवर हिंदीतून शिकतात, अर्धं कळतं, अर्धं पाठ करतात. म्हणून हा धागा. पुस्तकी प्रतिशब्दांची यादी मला नकोय. साइटवर आपण जो शब्द बोलतो तो, त्याचा नेमका अर्थ, आणि तो कुठे फसवतो, एवढं लिहू या.

सुरुवात मीच करतो. "पॉइंट". गिऱ्हाईक विचारतं, पॉइंटचा रेट काय? त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा डबा असतो. आमच्या लेखी पॉइंट म्हणजे भिंतीतला आयओ (प्लग बसायचा सॉकेट), तिथून रॅकपर्यंतची (यंत्रांच्या कपाटापर्यंतची) केबल, पॅच पॅनेलमधलं (रॅकमधल्या सॉकेटच्या पट्टीतलं) टर्मिनेशन म्हणजे तारांची जोडणी, दोन्ही टोकांना एकच नंबर आणि टेस्टिंग. निम्मे वाद या एका शब्दावरून होतात. कोटेशनमध्ये केबल धरून की सोडून, पट्टी की पाइप, हे लिहून घ्या. अंतरही बघा : भिंतीतली पक्की केबल ९० मीटर, दोन्हीकडच्या पॅचकॉर्ड मिळून १०, एकूण १०० मीटर. "साहेब, ११५ चालतं" म्हणणारे भेटतील. चालतं, आणि एक दिवस चालेनासं होतं.

दुसरे शब्द "क्रिम्पिंग" आणि "पंचिंग". मुलं दोन्हीला टर्मिनेशन म्हणतात. क्रिम्पिंग म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणं, प्लगमधली सोनेरी पाती तारेच्या आवरणात घुसतात. पंचिंग म्हणजे आयओत किंवा पॅनेलमध्ये तार खाचेत ठोकून बसवणं. भिंतीतल्या केबलची तार एकसंध असते, ती पंच करायची. पॅचकॉर्डची तार बारीक धाग्यांची, ती क्रिम्प होते. भिंतीतून आलेल्या केबलला सरळ प्लग लावून कॉम्प्युटरला जोडलेली कामं मी रोज बघतो. सहा महिन्यांत वाकून वाकून तार आतल्या आत तुटते.

पुढे तुम्ही लिहा.

---

मावळसंध्या | ११ जून, रात्री ११:०२

फार उपयोगाचा धागा. मी या क्षेत्रातली नाही, पण घरचा एक प्रश्न आहे. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा. मोबाइलवर मोडेमजवळ उभं राहिलं की १९० दाखवतो. अभ्यासाच्या खोलीत वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर मात्र ९४. रोज ९४, ना वर ना खाली. कंपनीचा माणूस म्हणतो कॉम्प्युटर जुना आहे.

---

पॅचपॅनेल | ११ जून, रात्री ११:२०

ताई, रोज ९४ म्हणजे कॉम्प्युटरचा दोष असायची शक्यता कमी. लॅन केबलमध्ये चार जोड्या असतात, आठ तारा. १०० एमबीपीएसच्या जोडणीला दोनच जोड्या लागतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही की दोन्हीकडची यंत्रं आपसांत ठरवून १०० वर उतरतात, आणि त्यातून हातात ९४-९५ पडतात. दोन्ही टोकांचे प्लग बदलून बघा. निळी आणि तपकिरी जोडी आधी तपासा, १०० च्या जोडणीत त्या दोन वापरल्याच जात नाहीत, त्यामुळे त्यांचा बिघाड लपून राहतो.

जाता जाता, एमबीपीएसमधला बी हा बिट. फाइल उतरवताना दिसतो तो बाइट, आठ बिटांचा. २०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला २५ एमबीच्या वर जाणार नाही. "२०० सांगून २५ देतात" अशा तक्रारी मी ऐकल्यात. तिथे फसवणूक नसते, मोजमाप वेगळं असतं.

---

जॉइंटरचा_मुलगा | १२ जून, सकाळी ७:५०

धागा वाचून रात्री झोप लागली नाही, इतके शब्द आठवले. माझे वडील टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. आमच्या घरात हे शब्द भाजी-भाकरीसारखे होते.

एक्स्चेंजमधून तुमच्या घरापर्यंतची वाट त्यांच्या शब्दांत अशी : एमडीएफ (सगळ्या लाइनी जिथे एकत्र येतात ती चौकट), मग जाड केबल, मग रस्त्याच्या कडेचा पिलर (जोडणीचं कपाट), तिथून बारीक केबल डीपीपर्यंत (खांबावरचा डबा), डीपीवरून घरापर्यंत ड्रॉप वायर, आणि घरात रोझेट. लहानपणी मला रोझेट हे फुलाचं नाव वाटायचं. भिंतीवरचा तो पांढरा गोल डबा, ज्याच्यात फोनची वायर जायची.

"पेअर" हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द. एका फोनला दोन तारा, ए लिंब आणि बी लिंब. "लाइन खराब आहे" असं ते कधी म्हणायचे नाहीत. "बी लिंब अर्थ झालाय", "पेअर ओपन आहे", "लूप मिळत नाही". एका वाक्यात दोष कळायचा. अर्थ म्हणजे तार कुठेतरी जमिनीला लागली, ओपन म्हणजे तुटली, शॉर्ट म्हणजे दोघी एकमेकींना चिकटल्या, लूप मिळत नाही म्हणजे एका तारेने जाऊन दुसरीने परत यायची वाट पूर्ण होत नाही.

पावसाळा म्हणजे आमच्याकडे बाबा घरी नसणार हे ठरलेलं. जुन्या केबलमध्ये प्रत्येक तारेला कागदाची गुंडाळी असायची आणि वरून शिशाचं आवरण. पाणी आत शिरू नये म्हणून एक्स्चेंजमधून केबलमध्ये कोरडी हवा दाबून भरलेली असे. शिशाला चीर पडली की हवेचा दाब उतरायचा. मग जेली केबल आली, तारांच्या मधल्या जागेत चिकट जेली भरलेली. बाबांचे शर्ट त्या जेलीने कायमचे डागाळलेले. आई रॉकेलने धुवायची, तरी वास जायचा नाही.

जोड मारायचं काम मी एकदा जवळून बघितलंय. खड्ड्यात गुडघाभर पाणी, वर ताडपत्री, बॅटरी माझ्या हातात. शंभर जोड्यांची केबल म्हणजे दोनशे तारा. इकडची जोडी तिकडच्या त्याच जोडीला, दोन्ही टोकं एका छोट्या बटणासारख्या यूवाय कनेक्टरमध्ये घालायची आणि पक्कडीने दाबायची. बटणातली जेली बाहेर येऊन तारेभोवती बसते. दोनशे वेळा. मध्येच कुणाच्या तरी फोनची घंटी वाजली आणि बाबांनी हात झटकला. घंटीचा करंट सुमारे ७५ व्होल्टचा, ओल्या हाताला चांगलाच बसतो.

एवढ्या तारांत ओळख कशी ठेवायची? रंगांनी. एकीकडे पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. दुसरीकडे निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. राखाडीला ते "स्लेट"च म्हणायचे. पाच गुणिले पाच, पंचवीस जोड्या. पांढरा-निळा पहिली, पांढरा-नारिंगी दुसरी, लाल-निळा सहावी, जांभळा-स्लेट पंचविसावी. मला पाढ्यांच्या आधी हे पाठ होतं.

---

स्प्रेच्या_काठी | १२ जून, दुपारी १:३०

जॉइंटरचा_मुलगा, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. बर्लिनमध्ये राहते, मूळ मिरजेची. शीर्षकातला "क्रोन" शब्द बघून आत आले, कारण क्रोन ही इथलीच, बर्लिनची कंपनी होती. आपल्याकडे ज्याला क्रोन म्हणतात तो खाचांचा पांढरा मोड्यूल आणि तो ठोकायचं हत्यार, दोन्ही तिच्या नावाने ओळखले जातात.

त्यांच्या पद्धतीचं नाव एलएसए. ही तीन जर्मन शब्दांची आद्याक्षरं आहेत : लोटफ्राय, श्राउबफ्राय, आबइझोलीअरफ्राय. म्हणजे डाग (सोल्डर) नको, स्क्रू नको, आवरण सोलणं नको. तार तशीच खाचेत ठेवून ठोकली की दोन पात्यांच्या चिमटीत आवरण कापलं जातं आणि पाती आतल्या तांब्याला भिडतात. ही पाती तारेला ४५ अंशांत तिरकी असतात, म्हणून तार कापली न जाता घट्ट धरली जाते. माझे सासरे इथे याच कामात होते. मी त्यांना सांगितलं की आमच्या गावचे लाइनमनही "क्रोन मार" म्हणतात, तर ते किती तरी वेळ हसत बसले होते, आनंदाने.

---

पॅचपॅनेल | १२ जून, दुपारी २:१०

ताई, मी अठरा वर्षं हे हत्यार वापरतोय, एलएसएचा अर्थ आज कळला. मुलांना उद्याच सांगतो. "सोलायचं नाही" हे त्याच्या नावातच आहे, आणि माझी नवी मुलं पहिल्या दिवशी नेमकं तेच करतात, तार सोलून खाचेत घालतात.

---

शब्दनाद | १२ जून, संध्याकाळी ६:४५

धागा चांगला आहे, पण एक खंत वाटते. इतक्या प्रतिसादांत मराठी शब्द किती आले? फायबरला प्रकाशतंतू हा नेमका आणि सुंदर शब्द आहे. दूरध्वनी, दूरसंचार आपण रुळवलेच ना? मुलांना पहिल्या दिवसापासून मराठी शब्द दिले तर तेही रुळतील. आपण प्रयत्नच सोडून दिला तर भाषेत या विषयाची जागाच उरणार नाही.

---

पॅचपॅनेल | १२ जून, रात्री ८:३०

शब्दनाद, तुमची तळमळ कळते. पण मुलाला दुकानात जाऊन वस्तू मागायची असते. खोक्यावर जे छापलंय तेच त्याला वाचता आणि बोलता आलं पाहिजे. प्रकाशतंतू मी शाळेत शिकवताना वापरेन, चिठ्ठीवर "सिंगल मोड, दोन कोअर, पिवळी" असंच लिहीन. कोअर म्हणजे काचेचा एक तंतू. फायबरच्या दोन जाती : पिवळी म्हणजे सिंगल मोड, नारिंगी किंवा फिकट निळसर म्हणजे मल्टिमोड. पहिलीची काचेची वाट ९ मायक्रॉन, दुसरीची ५० किंवा ६२.५. बाहेरून दोन्ही १२५ मायक्रॉन, म्हणून हाताला फरक कळत नाही, आणि एकमेकींना जोडल्या तर उजेड वाया जातो. इथे नावाच्या बरोबरीने रंगाचा शब्द उपयोगी पडतो, आणि तो मराठीच आहे.

---

अनुराधा_साइटवर | १२ जून, रात्री ९:०५

दोघांचंही पटतं. मी सिव्हिल इंजिनिअर, इमारतींच्या साइट बघते. माझा अनुभव असा की कामाची क्रियापदं आपोआप मराठी होतात. केबल "ओढतात", "सोडतात", "गुंडाळतात", पाइपात "स्प्रिंग घालतात", फायबर "जोडतात". आणि एक शब्द तर इंग्रजीपेक्षा चांगला आहे : पीळ. ट्विस्टेड पेअर म्हणजे पीळ दिलेली जोडी. दोराला असतो तो पीळ. मुकादम गड्याला सांगतो, "पीळ सोडू नको." एवढ्यात सगळं आलं.

आता माझ्याकडचे फसवे शब्द. एक, "स्विच". नेटवर्कवाल्याने ड्रॉइंगमध्ये लिहिलं, स्विच इथे. इलेक्ट्रिशियनने तिथे दिव्याच्या बटणाचा बोर्ड बसवला, प्लॅस्टर झालं, रंग झाला. आम्ही आता "नेटवर्क स्विच" असं पूर्ण लिहितो आणि शेजारी "रॅक, ९ यू" असं माप देतो. एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची. दोन, "डक्ट". प्लंबरसाठी डक्ट म्हणजे इमारतीतली पाइपांची उभी पोकळी. एसीवाल्यासाठी पत्र्याची हवेची नळी. फायबरवाल्यासाठी जमिनीतला काळा-नारिंगी प्लॅस्टिकचा पाइप. "केबल डक्टमधून घ्या" असं सांगितलं आणि एका पठ्ठ्याने ती गरम पाण्याच्या पाइपाला बांधून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेली. आवरण मऊ होऊन गेलं होतं.

---

जॉइंटरचा_मुलगा | १२ जून, रात्री ९:४०

अनुराधाताई, फसव्या शब्दांत "डीपी" घ्याच. आमच्या गावात डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. "डीपी जळाला" म्हटलं की सगळं गाव अंधारात आणि शेतकरी हवालदिल. बाबांचा डीपी म्हणजे खांबावरचा दहा जोड्यांचा डबा. नवीन माणसाला "डीपी उघड" सांगताना बाबा दर वेळी "टेलिफोनचा" हा शब्द आधी लावायचे. त्यात जिवाचा प्रश्न होता.

---

तांबेपिवळे | १३ जून, सकाळी १०:२०

पिळावरून लिहितो. मी कॉलेजात नेटवर्किंगचं प्रात्यक्षिक घेतो. विद्यार्थी विचारतात, तारांना पीळ कशाला? शेजारून विजेची वायर जाते तेव्हा तिचा गोंगाट दोन्ही तारांवर पडतो. पीळ असल्यामुळे दोघी आलटून पालटून जवळ-लांब होतात आणि गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, सारखं पडलेलं आपोआप वजा होतं. ही युक्ती ग्रॅहॅम बेलची, १८८१ च्या पेटंटमधली. आजच्या लॅन केबलमध्ये चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या घट्टपणाचा असतो, म्हणजे शेजारच्या जोडीचा आवाजही आत येत नाही. पूर्वी फोनवर दुसऱ्यांचं बोलणं ऐकू यायचं, तोच क्रॉसटॉक. टर्मिनेशन करताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही.

आणि एक चूक, जी दर वर्षी किमान दोन मुलं करतात. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात आणि तरी नेट अडखळतं. मुलाने पहिल्या दोन पिना नारिंगी जोडी, पुढच्या दोन हिरवी, पुढच्या दोन निळी, शेवटच्या दोन तपकिरी, असं सरळ लावलेलं असतं. दोन्ही टोकांना तसंच. तार ते तार बरोबर आहे. पण नियमाने तिसरी आणि सहावी पिन ही एक जोडी असते आणि मधली चौथी-पाचवी दुसरी. सरळ लावलं की तीनवर हिरव्या जोडीतली एक तार आणि सहावर निळ्यातली, म्हणजे एकाच संदेशाच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत. याला स्प्लिट पेअर म्हणतात. साधा टेस्टर हे पकडत नाही.

मधल्या दोन पिना निळ्या जोडीला का? कारण टेलिफोनची पहिली जोडी मधल्या दोन पिनांवर असते. पहिली जोडी मध्ये, दुसरी तिच्याभोवती, हा क्रम तिथूनच आला. आपल्याकडे जवळजवळ सगळे बी पद्धत वापरतात : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

शिवाय एक दुरुस्ती. ज्याला आपण आरजे फोर्टीफाइव्ह म्हणतो तो प्लग खरं तर आठ पोझिशन, आठ कॉन्टॅक्टचा, एटपी-एटसी. मूळ आरजे ४५ हा अमेरिकन टेलिफोन व्यवस्थेतला मोडेमसाठीचा जॅक होता, त्याला बाजूला खाच होती.

---

पॅचपॅनेल | १३ जून, सकाळी ११:१५

सर, पिनांचं कारण फार छान उलगडलंत. पण एटपी-एटसीबद्दल माझं मत वेगळं आहे. दुकानदार, खोकं, मुलं, इंजिनिअर, सगळे आरजे फोर्टीफाइव्ह म्हणतात आणि सगळ्यांना एकच वस्तू मिळते. जो शब्द फसवत नाही तो बदलायला नको. परीक्षेत एका मार्काला विचारतात म्हणून माहीत असावं, एवढंच. माझा राग आहे तो फसवणाऱ्या शब्दांवर.

उदाहरणार्थ "कॅट सिक्स", लॅन केबलचा एक दर्जा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत कॅट ६, ३०५ मीटर, आणि भाव बाजारापेक्षा निम्मा. आत सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा. तार पात्याने खरवडा, आत पांढरी निघाली तर ते सीसीए. नियमाने कॅट ६ म्हणायला पूर्ण तांबं लागतं, कारण अ‍ॅल्युमिनियमचा रोध जास्त आणि तार ठिसूळ. एका सोसायटीने मला बोलावलं. गेटवरचा कॅमेरा दिवसा नीट चालतो, रात्री बंद पडतो, सकाळी परत सुरू. तीन कॅमेरे बदलून झाले होते. वीज लॅन केबलमधूनच जात होती, पीओई. रात्री कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे दिवे लागतात, करंट वाढतो, सत्तर मीटर सीसीएमध्ये व्होल्टेज इतकं पडतं की कॅमेरा बंद. केबल बदलली, जुनाच कॅमेरा आजवर चालू आहे. सोसायटीच्या लोकांनी पैसे कॅट सिक्सचेच मोजले होते. बिलावर "शुद्ध तांबं" हे दोन शब्द लिहून घ्या, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

---

मावळसंध्या | १३ जून, संध्याकाळी ७:३०

प्लग बदलून घेतले. तपकिरी जोडीतली एक तार प्लगच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती, भिंगातून स्पष्ट दिसत होती. आता १९३. वर्षभर आम्ही कॉम्प्युटरला दोष देत होतो. मनापासून आभार.

आणखी एक. गेल्या महिन्यात नेट गेलं तेव्हा फोनवरची मुलगी विचारत होती, "लॉस आहे का?" मी म्हटलं, हो, खूप नुकसान होतंय, मुलाची परीक्षा आहे. ती गप्प झाली. तिला काय विचारायचं होतं?

---

फायबरवाला_सातारा | १३ जून, रात्री १०:००

मावळसंध्याताई, मी याच कामात आहे, सांगतो. मोडेमवर एक लाल दिवा असतो, त्याखाली एलओएस लिहिलेलं असतं, लॉस ऑफ सिग्नल. म्हणजे उजेड पोचतच नाहीये. ती त्या दिव्याबद्दल विचारत होती.

हा शब्द आम्हालाही फसवतो. आमच्यात लॉसचे दोन अर्थ चालतात. एक हा, लाल दिव्याचा. दुसरा, वाटेत किती डीबी गळाले तो. ऑफिसमधून मेसेज येतो, "अमुक घरी लॉस आहे." लाल दिवा असेल तर फायबर तुटलेली, शिडी आणि स्प्लायसिंग (फायबर जोडायचं) मशीन घेऊन निघायचं. डीबीचा लॉस असेल तर बहुतेक वेळा कनेक्टर पुसला किंवा वायरचं वळण सोडवलं की भागतं. ठोसेघरच्या रस्त्याला चौदा किलोमीटर मशीन घेऊन जायचं आणि तिथे कपाटामागे चिमटलेली पॅचकॉर्ड सापडायची, असं झालंय. आता आमच्या गटात नियम केलाय : दिवा असेल तर "लाल", गळती असेल तर "मायनस किती". लॉस शब्द मेसेजमध्ये लिहायचाच नाही.

ही गळती येते कुठून तेही सांगतो. काचेतली अगदी थोडी, किलोमीटरला ०.३५ डीबीच्या आसपास. मशीनने नीट मारलेला जोड तर ०.०५ च्या आत. खरा खर्च स्प्लिटरचा. एका फायबरचा उजेड आठ घरांत वाटला की ९ डीबी हिशोबानेच जातात, प्रत्यक्षात दहाच्या वर. कनेक्टरवर बोट लागलं तर आणखी एखादा. म्हणून आम्ही टोकाला हात लावू देत नाही, तो भाव खाण्याचा प्रकार नाही. आणि कृपा करून टोकात डोकावून बघू नका. आत येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही, पण असतो. काही तरी दिसतंय का म्हणून मुलं डोळा लावतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

---

शब्दनाद | १४ जून, सकाळी ९:१०

"लाल" आणि "मायनस किती". मला वाटतं मी ज्याला मराठी परिभाषा म्हणत होतो ती तुमच्या गटात आधीच तयार झालेली आहे. गळती हाही शब्द तुम्ही सहज वापरलात. माझा आग्रह मी थोडा बाजूला ठेवतो आणि या धाग्यातले शब्द अर्थासकट उतरवून घ्यायला सुरुवात करतो. पॅचपॅनेल, तुम्ही तपासून द्याल का?

---

पॅचपॅनेल | १४ जून, सकाळी ९:४०

नक्की देईन. छापून मुलांच्या बॅगेत ठेवू. फायबरच्या बारा रंगांचा क्रमही त्यात घ्या : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळसर.

आत्ता लिहिताना लक्षात आलं. जॉइंटरचा_मुलगा, यातले पहिले पाच म्हणजे तुमच्या बाबांच्या दुसऱ्या रांगेचाच क्रम आहे. लॅन केबलच्या चार जोड्याही निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. मी तिन्ही कामं करतो आणि आजपर्यंत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

---

जॉइंटरचा_मुलगा | १४ जून, रात्री ९:५५

तुमचा प्रतिसाद वाचून दुपारी लॅन केबलचा वीतभर तुकडा घेऊन बाबांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात नेटवर्कचं काम केलेलं नाही, कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. हल्ली नजरही कमी झालीय. आवरण सोलून तुकडा हातात दिला. खिडकीशी नेऊन त्यांनी एकेक जोडी बोटांनी वेगळी केली, पीळ न सोडता. पहिली, म्हणाले. दुसरी. तिसरी. चौथी. मग तुकडा फिरवून परत एकदा बघितला आणि मला विचारलं, "पाचवी कुठाय रे? स्लेट?"